बाचं तोंड, दशरथचा माग

माझी नात रिद्धी सध्या कॉलेजात सिनेमा शिकते. आमच्या काळी सिनेमा पाहिला म्हणून बाप चोपायचा, आता पाहिला नाही म्हणून मास्तर नापास करतो; एवढी प्रगती आमच्या घराने केली आहे. तिला एक छोटी फिल्म करून द्यायची आहे आणि फिल्ममध्ये म्हातारा हवा आहे. म्हातारा घरातच असतो, खिचडी खातो, जास्त हिंडत नाही, त्यामुळे तिची आयतीच सोय झाली. परवा तिने मला खुर्चीत बसवलं, मोबाइल तीन पायांच्या काठीवर लावला आणि म्हणाली, "आजोबा, खिडकीकडे बघा. काहीतरी हरवलंय असं बघा."

मी विचारलं, "याच्यापुढं काय जोडशील?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी खिडकीकडं पाहिलं. मंग लोकाईले काय दिसन?"

"ते अजून ठरलं नाही. एडिटिंगमध्ये बघू."

"मंग मी बी अजून पाहत नाही."

ती पाय आपटत आत गेली आणि आजोबा हट्टी आहेत असं तिने आईला सांगितलं. घरात ही बातमी सगळ्यांना जुनी आहे. पण हा हट्ट नाही, हा अनुभव आहे, आणि तो मी कुठल्या कॉलेजात घेतलेला नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातली एक इयत्ता मी दोनदा केली, म्हणजे नीट हिशोब धरला तर पाचवीच झाली. तेवढ्या भांडवलावर जे लिहिता येतं ते लिहितो. ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी नातीची वही तपासावी, तिच्यात अर्धं इंग्रजी आहे.

इतवारीच्या मागच्या अंगाला आम्हा कोष्ट्यांची वस्ती. आमचं घर म्हणजे एकच लांबोडकी खोली. अर्ध्या खोलीत माग, अर्ध्या खोलीत आम्ही. मागाची जागा आधी ठरली आणि माणसं नंतर उरलेल्या जागेत कोंबली, हे कुणालाही पाहताक्षणी कळायचं. माझा बाप श्रावणजी, ज्याला आम्ही बा म्हणायचो, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागावर बसायचा. वरून पाहणाऱ्याला वाटावं की माणूस कमरेपर्यंत पेरला आहे. चुलीपाशी माय बसायची. एका हाताने रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरायची आणि दुसऱ्या हाताने भाकर उलटायची. दोन्ही हात एकमेकांना न विचारता आपापलं काम करत. माझी बहीण कौशी धागे उलगडायची आणि दुपारी बा जेवायला उठला की मागावर मी बसायचो. गल्लीत दोन्ही बाजूंनी खटखट, खटखट चालू. लेकरं त्या आवाजात झोपत आणि तो थांबला की दचकून उठत. एखाद्या घरचा माग भलत्या वेळी बंद झाला की शेजारीण लगेच दारात हजर, "काय झालं वं? सगळे बरे आहेत ना?" आज माझ्या फ्लॅटच्या शेजाऱ्याकडे चार दिवस काही आवाज नसला तरी कुणी विचारत नाही. उलट शांतता आहे म्हणून सगळे खूश असतात.

आमच्यात एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. माग रिकामा ठेवायचा नाही. लुगडं विणून झालं की ते कापून काढायचं, पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची टोकं फणीत तशीच अडकवून ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना सांधायचा. त्यामुळे मागावर सूत नाही असा दिवस घरात उगवत नसे. बा म्हणायचा, आपल्या मागावरचा धागा आजाच्या आजापासून चालू आहे, मधे फक्त गाठी आहेत. रिकामा, उघडा माग दोनच घरांत दिसायचा. विणणारा मेला त्या घरात, नाहीतर घर बुडालं तिथे. आणि दुसरी रीत अशी की पोरीच्या साखरपुड्याला जे लुगडं न्यायचं ते बापाने स्वतःच्या मागावर, स्वतःच्या हाताने विणलेलं असावं. बाजारातून आणलं तर तो लबाडीचा संसार.

कौशीची सोयरीक उमरेडच्या नत्थूजींच्या घरी ठरली होती. नत्थूजी स्वतः कोष्टी, बोलायला तिखट आणि नजरेला त्याहून तिखट. साखरपुड्याचं लुगडं त्यांनी दारात उजेडाला धरून काठ पाहिला, उलटून पाहिला, बोटाने चोळून पाहिला आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे." नत्थूजींच्या तोंडून 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आरती. माय दोन दिवस हवेत होती. कौशीने तर त्या दिवसापासून आरशाशी बोलणं सुरू केलं.

एवढ्यात मुंबईहून साहेब आले.

त्यांना हातमागावर छोटी फिल्म काढायची होती. त्या काळी टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी अशी फिल्म दाखवत. कधी धरणाची, कधी कोंबड्या पाळण्याची. लोक त्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. साहेब किडकिडीत, चष्मा, खांद्याला झोळी. एक जाडा कॅमेरावाला आणि त्याचा डबा. मला सिनेमाचं वेड. सदरमधल्या टॉकीजमध्ये मी इतक्या वेळा जाऊन आलो होतो की डोअरकीपर मला नावाने शिव्या द्यायचा. त्यामुळे साहेबांची सेवा मी आपल्या अंगावर घेतली. वस्तीत फिरून फिरून त्यांनी आमचंच घर निवडलं. का, तर म्हणाले, "इथे भिंतीला चांगलं काळपट टेक्श्चर आहे." माय दर दिवाळीला त्या भिंतीला चुना लावायची. त्या वर्षी तिने दोनदा लावला.

उजेड पुरेना म्हणून कॅमेरावाला छपरावर चढला आणि त्याने कवेलू, म्हणजे छपराची कौलं, काढले. परत ठेवले नाहीत हे वेगळं सांगायला नको. कलेच्या भानगडीत तेवढं होतंच. छपरातून ऊन आलं, चांदीचा कागद लावलेल्या पाट्यांनी ते बाच्या अंगावर फेकलं, आणि घर्र करत डबा फिरायला लागला. ऊन ढगात गेलं की सगळं थांबायचं. अशा वेळी साहेब मला शहाणा करायचे. सांगायचे की सुरुवातीला सिनेमा एवढासाच असायचा, मिनिटभराचा. कॅमेरा खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखा एका जागी उभा; समोरून आगगाडी आली, गाडी दिसली, संपला खेळ. कारखान्यातून माणसं सुटली, संपला खेळ. लोक तेवढ्यावरही खुळे झाले. मग कुणाचा तरी डबा भररस्त्यात अडकला, जरा वेळाने चालू झाला, आणि पडद्यावर पाहतात तर सवारीची गाडी एकदम मढ्याची गाडी झालेली. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण तेव्हापासून, साहेब म्हणाले, लोकांना कळलं की सिनेमा कॅमेऱ्यात नसतो, कात्रीत असतो. कुठे कापायचं आणि कशाला काय जोडायचं.

मी म्हटलं, "आमच्यातही कापतात न् सांधतात. पण गाठ दिसते."

ते म्हणाले, "आमच्यात गाठ दिसली नाही तरच हुशारी."

हे मला तेव्हा फार भारी वाटलं. गल्लीत दोन-चार जणांना मी माझंच म्हणून सांगितलंही.

कॅमेरावाला मात्र मोकळा माणूस होता. तो एकदा बाच्या खड्ड्यात, बाच्या पायांजवळ डब्यासकट बसला, आणि एकदा छपराच्या भोकातून खाली वाकला. मी विचारलं, असं काहून? म्हणाला, "खालून घेतला की माणूस देवासारखा दिसतो, वरून घेतला की गरीब." "मंग दोन्ही घेता?" "घेतो दोन्ही. ठेवतात वरचा." एवढं ज्ञान फुकट देणारा माणूस मला पुढे भेटला नाही. रिद्धीच्या कॉलेजात यालाच लो अँगल, हाय अँगल म्हणतात आणि त्यावर परीक्षा असते.

हात झाले, आडवा धागा नेणारा धोटा झाला, काठ झाला. सगळं जवळून, इतकं जवळून की बाच्या नखातला रंगही सुटला नाही. मग साहेबांना चेहरा हवा झाला. "बाबा, वर बघा. उदास."

बाने हात थांबवले. "उदास काहून?"

"म्हणजे... तुमची कला मरते आहे ना."

"मले तं कोणी सांगितलं नाही," बा म्हणाला. "माह्या पोरीचं लग्न आहे. चांगली सोयरीक भेटली. मी काहून उदास राहू गा?"

साहेबांनी समजावलं, कॅमेरावाल्याने समजावलं, घरचा म्हणून मीही समजावलं आणि माझ्या वाट्याला जे यायचं ते आलं. बा उदास होईना. उदास हो म्हटलं की तो तोंड फुगवायचा आणि जुलाबाचं औषध घेतल्यासारखा दिसायचा. साहेब कपाळाला हात लावून बसले. कॅमेरावाला मात्र डब्याशी बसूनच होता.

माय चुलीवर गोळ्यांची कढी करत होती. पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं. मुंबईची माणसं, कधी गोळे खाल्ले असतील नसतील. कढी अशी वस्तू आहे की तिच्याकडे पाहत राहिलं तर ती तासभर हूं का चूं करत नाही, आणि मान वळवली की भांड्याबाहेर. मायने मान वळवली होती, साहेबांची गंमत पाहायला. चुर्र आवाज झाला, आंबट वास सुटला, निखाऱ्यांतून राख उडाली. "बाई वं माय!" माय ओरडली आणि बाने झटकन वर पाहिलं. आधी भांड्याकडे, मग तिच्याकडे. घर्र आवाज चालूच होता.

"कट!" साहेब ओरडले. "मिळालं! काय चेहरा दिला!"

बा मायला काहीतरी बोलला, पण तोवर डबा बंद झाला होता.

जेवताना साहेबांनी कढी दोनदा मागून घेतली, हे मान्य करायला हवं. आणि हात धुता धुता सहज म्हणाले, "बाबा, आता शेवटचं. हा माग जरा मोकळा करून द्याल का? सगळा धागा काढून. नुसता सांगाडा हवा आहे."

बा खड्ड्यातून बाहेर आला. उभा राहिला की बा चांगला उंच होता. साहेबांनी त्याला तोवर उभा पाहिलाच नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "तुमी आमच्या घरी जेवले. म्हणून सरळ सांगतो. आपलं सामान उचला."

साहेबांनी उचललं. पण माणूस चिकाटीचा. गल्लीच्या टोकाला दशरथचं घर होतं. दशरथचा बाप त्याच पावसाळ्यात वारला होता आणि दशरथ गिरणीत जायला लागला होता. त्याचा माग गोणपाट टाकून तसाच पडला होता. मोडून टाकायची हिंमत कुणाला होत नव्हती आणि त्यावर बसायचीही. साहेबांनी गोणपाट काढलं, दशरथला एक सिगारेट दिली, आणि घर्र.

मग काही महिने गेले. कवेलूंच्या जागी आम्ही पत्रा ठोकला. फिल्मची वाट मी रोज पाहत होतो, पण सगळ्यात आधी ती पाहिली नेमकी नत्थूजींनी. माल घेऊन इतवारीत आले होते, दुपार मोकळी होती, शिरले सदरच्या टॉकीजमध्ये म्याटिनीला. तिसऱ्या दिवशी सोयरीक जुळवणारा मधला माणूस आमच्या दारात. खाली मान घालून म्हणाला, "श्रावणजी, नत्थूजी म्हणून राहिले का लग्न राहू द्या."

"काहून?"

"तुमचा माग रिकामा आहे म्हणते. सिनेमात आला."

झालं होतं ते असं. पडद्यावर आधी बाचे हात, मग बाचं तोंड, ते वर पाहतं आहे, डोळे मोठे झालेले. आणि त्याच्यापुढे, काही गाठबीठ न दिसता, दशरथचा उघडा माग. जगातल्या कुणालाही ती गरीब बिचारी कला वाटली असती. पण कोष्ट्याच्या डोळ्याला त्याचा एकच अर्थ. हा माणूस बुडाला. आणि माग रिकामा आहे तर साखरपुड्याचं लुगडं याने विणलं कुठून? बाजारातून आणलं आणि हातचं म्हणून दाखवलं. म्हणजे खोटा माणूस, खोटं घर, आणि त्या घरची पोरगी.

बा म्हणाला, "त्याईले म्हणा, घरी येऊन पाहून घ्या. माग चालू आहे."

मधला म्हणाला, "म्या म्हटलं. तं म्हणे, घरी काय पाहाचं? चार धागे ओढून कोणीबी बसवते. कॅमेरा काय खोटं बोलते का?"

कौशी आतल्या कोपऱ्यात सूत उलगडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण एकही धागा सरळ निघेना. माय तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी मिळून तो गुंता सोडवायला लागल्या, जसं काही घरात तेवढंच बिघडलं आहे. मी शौर्याने जाहीर केलं की मुंबईला जाऊन साहेबाची मानगूट धरतो. बाने विचारलं, "मुंबई कोणत्या बाजूले आहे?" मी हात केला. "थे रामटेक आहे," तो म्हणाला. "बस खाली."

मग बराच वेळ तो मागावर नुसता बसून राहिला. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय झालं वं. शेवटी तो मला म्हणाला, "वाम्या, थे फिल्म मुकी आहे का बोलती?"

"मुकीच. बासरी वाजते म्हणतात."

"बासरी? आमच्या मागाची?" बा पहिल्यांदा हसला. "मंग तिले सांगणारा पाहिजे."

हे त्याने माझ्या आज्याकडून, म्हणजे त्याच्या बापाकडून, ऐकलं होतं. आज्याने तरुणपणी जत्रेत तंबूतला मुका सिनेमा पाहिला होता. पडद्याशेजारी एक माणूस काठी घेऊन उभा असायचा आणि सांगायचा, हा राजा, ही राणी, आता ही रडते ती नवऱ्यासाठी, दिरासाठी नाही. एकदा त्या माणसाला ताप आला आणि खेळ त्याच्याशिवाय चालला. राणी आडवी झाली. अर्धे लोक म्हणाले मेली, अर्धे म्हणाले झोपली, आणि तंबूत मारामारी झाली. आजा म्हणायचा, चित्राला तोंड असतं, जीभ नसते; जो शेजारी उभा राहील त्याची जीभ. रिद्धीच्या पुस्तकात या माणसाबद्दल दोन ओळी आहेत. आज्याने त्याच्याबद्दल आम्हाला अख्खे हिवाळे सांगितलं.

बाजाराच्या दिवशी बाने धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि इतवारीत नत्थूजींना गाठलं. मी मागे होतोच. नत्थूजींनी त्याला पाहून तोंड फिरवलं. बाने सरळ त्यांचं मनगट धरलं.

"चाला, सिनेमा पाहू."

"म्या पाहिला."

"म्या नाही पाहिला. तुमी पाहिला तसाच मले दाखवा."

मनगट सुटणारं नव्हतं. धोट्याची दोरी ओढून ओढून ते तसं झालं होतं. हातगाड्यांतून वाट काढत आम्ही तिघे सदरला गेलो. जन्मभर सिनेमाला नावं ठेवलेला माझा बाप टॉकीजच्या पायऱ्या असा चढला जसा काही मालक आहे. आत अंधार, विड्यांचा धूर, शेंगदाण्यांची टरफलं. नत्थूजी मधे, बा एका बाजूला, मी दुसऱ्या. सोयरा पळू नये म्हणून.

बासरी सुरू झाली. आमच्या अख्ख्या गल्लीतली खटखट कापून टाकून तिथे मुंबईच्या एका माणसाने बासरी वाजवली होती, आणि तीही पोट दुखत असल्यासारखी. बाचे हात पडद्यावर आले, बैलगाडीएवढे. मग छपरातून घेतलेला बा, खड्ड्यात मुंगीएवढा. कॅमेरावाल्याचा शब्द खरा ठरला. मग चेहरा. तो वर पाहतो, डोळे मोठे होतात, आणि हॉलमधली एक बाई "अरे रे" म्हणाली.

बा उभा राहिला.

"हे मी आहो," तो म्हणाला. गल्लीतल्या चार मागांवरून ऐकू जाईल अशा आवाजात.

"ओ काका, बसा ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसतो. याच्यात सांगणारा ठेवला नाही, म्हणून सांगतो. या टायमाले माह्या बायकोची कढी उतू गेली. गोळ्याची. म्हणून मी असा पाहून राहिलो. कोणी मेलं नाही."

मग सगळं टॉकीज फुटलं. लोक खुर्च्या बडवायला लागले, शिट्ट्या, "वाह काका!" मागच्या रांगेतून "कढी वाढा!" डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला, मला पाहिलं आणि सवयीने माझ्याच अंगावर ओरडला. तेवढ्यात पडद्यावर रिकामा माग आला. हसणं चालूच होतं. बाने दोन्ही हात वर केले.

"आता हसू नका," तो म्हणाला. "हा माग माहा नाही. दशरथचा आहे, आमच्या गल्लीतल्या. त्याचा बाप या मागावर बसे. थो वारला. याले कोणी हसू नका."

आणि हसले नाहीत. शेंगदाण्याचंसुद्धा टरफल वाजलं नाही. फिल्म संपेपर्यंत ती बासरी तेवढी एकटी रडत राहिली. मग बा खाली बसला, धोतर सारखं केलं आणि समोर पाहत राहिला. नत्थूजीही समोरच पाहत होते. मुख्य सिनेमा सुरू झाला, पडद्यावर नाव आलं, गाणं आलं, हिरो आला. कौशीचं लग्न त्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे कुठेतरी अधांतरी बसलं होतं आणि मी हिरोकडे पाहत होतो, पण त्या सिनेमाची गोष्ट मला आजही सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळाने नत्थूजी हळूच म्हणाले, "श्रावणजी."

"हाव."

"कढीत गोळे कायचे होते?"

"तुरीच्या दाळीचे. भिजवून वाटलेल्या."

"लसूण?"

"भरपूर."

नत्थूजींनी आणखी थोडा विचार केला. "मंग चाला. हा सिनेमा काही खास नाही."

ते घरी आले. मायला आधी कळवलेलं नसल्यामुळे तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण चूल पेटली. गोळे होईपर्यंत नत्थूजी काही न विचारता मागाच्या खड्ड्यात उतरले, फणीवरून हात फिरवला, जुन्या-नव्या ताण्याच्या गाठींवरून बोट फिरवलं आणि धोटा मारला. एकदा, मग पुन्हा. चांगला वीतभर काठ त्यांनी विणला. तो वीतभर काठ बाच्या काठापेक्षा थोडा घट्ट होता आणि कौशीच्या लग्नातल्या लुगड्यात तो तसाच राहिला. बाने उसवला नाही. "ठीक आहे," नत्थूजी खड्ड्यातून वर येत म्हणाले. चुलीपाशी कौशीच्या हातातून ताट पडलं. त्या दिवशी मायने कढीवरून नजर काढली नाही, आणि म्हणूनच की काय, ती उतू गेली नाही.

साहेबांच्या फिल्मला पुढे परदेशात कुठलंसं पदक मिळालं असं ऐकलं. मिळायलाच पाहिजे. बाच्या तोंडाला दशरथचा माग लावायचा आणि त्यावर बासरी वाजवायची, हे काही सोपं काम नाही. बा गेल्यावर आमचा माग खरंच रिकामा झाला, मी नोकरीला लागलो, पण तेव्हा उजेडासाठी कवेलू काढायला कुणी आलं नाही. आणि आता तीच फिल्म मोबाइलवर आहे. रिद्धीला ती तिच्या मास्तरांनी दाखवली, वर्गात, नमुना म्हणून. त्यात दिसतो तो आपला पणजोबा आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिने मला मोठ्या हौशीने समजावलं की एका परदेशी माणसाने फार पूर्वी प्रयोग केला होता. एकाच नटाचा एकच चेहरा घेतला, त्याच्यापुढे कधी जेवणाची वाटी जोडली, कधी शवपेटी, आणि लोक म्हणाले, वा, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं. चेहरा तोच.

"असं," मी म्हटलं. "त्याईले प्रयोग करा लागला. आमच्या घरी कढीच होती."

मग मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसं. ती हसली, आणि मग विचारात पडली. म्हणाली, "आजोबा, पण पणजीचा एकही फोटो नाही ना आपल्याकडे?"

नाही. मायचा फोटो कधी कुणी काढला नाही. साहेबांनी अख्खं घर घेतलं, भिंत घेतली, चुलीचा धूरसुद्धा घेतला. मायला मात्र बाजूला सरका म्हणाले, सावली पडते. मी रिद्धीला म्हटलं, ते बाचं तोंड पुन्हा लाव. तिने लावलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा लावलं. नीट पाहिलं तर दिसतं. डोळे आधी खाली भांड्याकडे जातात, मग जरा वर, मग मिशीचं एक टोक हलायला लागतं, आणि नेमकं तिथे कात्री. त्या नजरेच्या समोर, पडद्याच्या बाहेर, राखेने माखलेली माय उभी आहे, पदर तोंडावर धरून. बाच्या त्या नजरेएवढं जवळून मायला कुणीच घेतलेलं नाही.

"मग पुढे?" रिद्धीने विचारलं. "कट झाल्यावर पणजोबा काय म्हणाले?"

मी खिडकीकडे पाहिलं. तिने हळूच मोबाइल उचलला, ते मला दिसलं, पण या वेळी मी तोंड फिरवलं नाही. पुढे काय जोडायचं ते आता ठरलं होतं.

"म्हणाला, राहू दे वं. उरली तेवढी पुरते."